दर दोन-तीन महिन्यांनी ताकद उतरते, सुट्टी घेतली की बरं वाटतं, पुन्हा तेच: बिघाड कुठं शोधायचा?

जिममध्ये सहा-आठ आठवडे सगळं झकास चाललेलं असतं. बारवर, म्हणजे वजनाच्या दांडीवर, दर आठवड्याला अडीच किलो चढत असतात. मग एके दिवशी वॉर्मअपचाच बार जड लागतो. गेल्या सोमवारी पाच वेळा गेलेलं वजन तीनवर अडकतं. रात्री दोनला जाग आली की परत डोळा लागत नाही. भूक मरते, घरात कुणी साधं काही विचारलं तरी खेकसायला होतं, नाकातली सर्दी हटत नाही. "सर, वजनच उचलंना झालंय," म्हणून पोरं येतात. चार-पाच दिवस जिम बंद ठेवली की अंग हलकं होतं. परत सुरू केलं की काही आठवड्यांत पुन्हा तेच.

बेळगाव, कंग्राळी, येळ्ळूर, खानापूर, निपाणी, तिकडं चिकोडी-संकेश्वरपर्यंत आता गल्लोगल्ली जिमा झाल्यात. हे रडगाणं घेऊन येणारे बहुतेक तीन प्रकारचे. कारखान्यात शिफ्ट करणारे, भरतीची तयारी करणारे, आणि पहाटे तालीम व संध्याकाळी जिम अशा दोन्हीकडं घाम गाळणारे. तिघांचंही चुकतं एकाच जागी: ते फक्त जिमच्या दारातून आत गेल्यावरचे कष्ट मोजतात. शरीराकडं मात्र खातं एकच आहे. फाउंड्रीत उचललेली पेटी, पहाटेची धाव, लावणीत वाकून घालवलेला दिवस, रात्रपाळीतली मोडलेली झोप, सगळं त्याच खात्यावर नावे पडतं.

सुट्टीनंतर बरं वाटतं हाच सगळ्यात मोठा सुगावा आहे. सुट्टीनं थकवा उतरला, म्हणजे तो उतरण्यासारखा होता. पुन्हा चढला, कारण चढवणारं वेळापत्रक तुम्ही तसंच परत सुरू केलंत. तेव्हा दुरुस्ती सुट्टीच्या दिवसांत नाही, त्या वेळापत्रकात करायची आहे.

आधी किती खोल गेलंय ते बघा

ओव्हरट्रेनिंग म्हणजे शरीराला भरून काढता येणार नाही इतके कष्ट साचणं. नुसतं अंग दुखणं म्हणजे ओव्हरट्रेनिंग नव्हे. नवा व्यायाम केला की दुखणं एक ते तीन दिवसांत टोकाला जातं आणि उतरतं. ते सोडून द्या. वजन उचलण्याची क्षमता काही दिवस घसरली आणि आठवडा-पंधरा दिवस हात आखडता घेतल्यावर पहिल्यापेक्षा वर आली, तर तेही वाईट नाही. कसलेले खेळाडू स्पर्धेआधी हे मुद्दाम करतात. घसरण भरून यायला कित्येक आठवडे किंवा दोन-तीन महिने लागायला लागले, मन उडालं, झोप बिघडली, तर प्रकरण पुढं गेलं असं समजा. त्याच्याही पलीकडचा खरा ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम भरून यायला महिनोनमहिने घेतो, पण तो क्वचित आढळतो. २०१३ साली युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या दोन संस्थांनी मिळून जे निवेदन काढलं, त्यात याच पायऱ्या मांडल्यात. हा सिंड्रोम ओळखणारी एक अशी रक्ताची तपासणी नाही, बाकीची कारणं वगळतच तिथवर जावं लागतं, हेही त्यात आहे.

आपल्याकडं जिममध्ये "मला ओव्हरट्रेनिंग झालंय" म्हणणारे बहुतेक जण मधल्या पायऱ्यांवर असतात. काही जणांचा व्यायाम तर बेताचाच असतो, कमी पडलेलं असतं जेवण आणि झोप. उपाय तिथंच सापडतो, म्हणून आधी नीट बघून घ्या.

एक गोष्ट मात्र पुढचं वाचायच्या आधी. जोरदार व्यायामानंतर लघवी कोकमच्या सरबतासारखी किंवा काळ्या चहासारखी गडद झाली, स्नायू सुजून दगड झाले, हात उघडेना किंवा पाय वाकेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर बेततं. लांब खंड पडल्यावर पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं शेकडो बैठका मारणाऱ्यांना हे होऊ शकतं. अंगावर काढायचं दुखणं हे नव्हे.

वही उघडा

कंग्राळीचा एक पोरगा, वय पंचविशीच्या आत, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत मोल्डिंगला, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे बनवायला. बेंच प्रेसला (बाकावर पडून छातीवरून बार ढकलणं) ८० किलो पाच वेळा जायचे ते तीनवर आले होते. एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन काढायचा एक साधा हिशोब आहे: वजनाचा तिसावा भाग गुणिले रेप्स (एका दमात किती वेळा उचललं ते) मूळ वजनात मिळवायचा. त्यानं ही घसरण साधारण ९३ वरून ८८ किलोवर आल्यासारखी. मोठी नाही, पण तिसऱ्यांदा तीच. तो वही लिहायचा हे त्याचं नशीब. बहुतेक जण लिहीत नाहीत, मग अंदाजपंचे बोलत बसावं लागतं.

वहीत आठवडा असा होता. सोमवारी छाती, १६ सेट (एका दमातल्या रेप्सचा फेरा म्हणजे एक सेट). मंगळवारी पाठ, १४. बुधवारी खांदे, १४, त्यातले ८ डोक्यावर ढकलायचे. गुरुवारी पाय, ९, तेही कसेबसे. शुक्रवारी पुन्हा छाती, १४. शनिवारी हात, १२, त्यात ४ सेट डिप्सचे (दोन दांड्यांवर हातांनी अंग उचलणं). रविवारी "रेस्ट". प्रत्येक व्यायामाचा शेवटचा सेट बार छातीवर बसेपर्यंत, आणि मग साथीदारानं बोटं लावून काढलेले दोन रेप्स वर.

आता छाती, खांदे, दंड असे वेगवेगळे वार विसरा आणि फक्त ढकलण्याचे सेट मोजा. १६ अधिक १४ अधिक ८ अधिक ४, म्हणजे ४२. एका स्नायूगटाला आठवड्याला १० ते २० कसून केलेले सेट बहुतेकांना पुरतात. याचा पुढचा खांदा दुपटीहून जास्त खात होता, आणि दर वाराला नाव वेगळं असल्यामुळं ते दिसत नव्हतं. वहीत शनिवारला "हात" लिहिलं म्हणून खांद्याला सुट्टी मिळत नाही.

हा झाला जिमचा हिशोब. मग विचारलं, पेट्या किती उचलतोस? हसला. "ते काम आहे की सर." वाळू ठोकायची, पेट्या उलटायच्या, ओतकामाच्या बाजूला उष्म्यात उभं राहायचं. आणि "रेस्ट"च्या रविवारी? पावसाळ्याचे दिवस होते, घरचं भात होतं, लावणीला सगळं घर रानात. दिवसभर कमरेत वाकून. सोमवारी सकाळी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) नव्हता म्हणून बरं.

एका शिफ्टच्या आधी आणि नंतर त्याला वजनकाट्यावर उभं केलं. जवळजवळ दीड किलो कमी. हे सगळं पाणी. उष्म्याच्या खात्यात काम करणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच. जितकं वजन गेलं त्याच्या दीडपट पाणी, म्हणजे एक किलो गेलं तर साधारण दीड लिटर, पुढच्या काही तासांत थोडं थोडं करून पोटात गेलं पाहिजे, सोबत मीठ असलेलं जेवण किंवा ताक. तसंच कोरडं जिमला गेलात की नाडी आधीच चढलेली असते आणि बार जड लागतो, मग ट्रेनर म्हणतो आज मूड नाही दिसत.

पहिला आठवडा: सेट कापा, वजन नको

इथं लोक दोन टोकांना जातात. एक तर अंथरूण धरायचं, नाहीतर हलकी हलकी वजनं घेऊन शंभर शंभर रेप्स मारायचे. दोन्ही नको.

सेट निम्मे करा. वजन तेच ठेवा, फार तर दहा टक्के उतरवा. एकही सेट अडकेपर्यंत न्यायचा नाही. अजून तीन रेप्स निघाले असते अशा ठिकाणी बार ठेवून द्यायचा. पहिले दोन दिवस काही केल्यासारखंच वाटणार नाही, तेच हवं आहे. ताकद सेटच्या संख्येवर कमी आणि बारवरच्या वजनावर जास्त टिकते. वजन कायम ठेवून सेट अर्ध्याहून कमी केले तरी काही आठवड्यांत ताकद जात नाही. "एक आठवडा सोडला तर सगळं उतरेल" ही भीती निराधार आहे.

थकवा मोठा असेल, म्हणजे झोप मोडलेली, भूक गेलेली, चिडचिड, तर चार-पाच दिवस बार अजिबात नको. फिरायला जा. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांतून तासभर चालणं यासाठी पुरेसं आहे, आणि पळायचं नाही बरं का. तिथं गेलं की कुणीतरी भरतीवाला शेजारून सुसाट जातो आणि आपले पाय शिवशिवतात.

रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजा. मोबाइलच्या घड्याळावर भागतं, नाडी मोजणारा मनगटी पट्टा विकत घ्यायची गरज नाही. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असं सलग चार-पाच दिवस दिसलं तर शरीर अजून सावरलेलं नाही. नाडी नेहमीसारखीच असूनही माणूस थकलेला असू शकतो, तेव्हा सोबत दोन गोष्टी लिहा: झोप कशी लागली, आणि वॉर्मअपचा दुसरा सेट कसा गेला. मला विचाराल तर तो दुसरा सेट कुठल्याही यंत्रापेक्षा खरं बोलतो. नेहमीचे ४० किलो झपकन वर जात असतील तर काम करा, चिकट जात असतील तर त्या दिवशी सेट कापा आणि घरी जा.

मग परत कसं चढायचं

दोन आठवड्यांनी तब्येत वर आली की पूर्वीच्या दोन-तृतीयांश सेटपासून सुरू करा. जुन्या सगळ्या सेटवर उडी मारलीत तर पुढच्या बिघाडाला तारीख पडली म्हणून समजा.

त्या पोराला सहाचे तीन दिवस करून दिले. एका दिवशी स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच, रो (बार पोटाकडं ओढणं). दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, पुल-अप. तिसऱ्या दिवशी हलका स्क्वॉट, तिरक्या बाकावरचा प्रेस, पुन्हा रो. मध्ये निदान एक मोकळा दिवस. ढकलण्याचे सगळे मिळून १३ सेट. जड सेटमध्ये तीन मिनिटं बसायचं, मोबाइल न बघता जमलं तर उत्तमच. दंडाचे व्यायाम वेळ उरला तर, नाही उरला तर नाही. शेवटच्या सेटला फक्त रो किंवा दंडासारख्या छोट्या व्यायामात अडकेपर्यंत जायची मुभा, बेंच-स्क्वॉटला नाही.

पहिले दोन आठवडे तो वैतागला होता. सहा दिवस जिमला जाणाऱ्याला तीन दिवस म्हणजे अपमान वाटतो, मित्र विचारतात सोडलास काय म्हणून. महिन्याभरात ८० पुन्हा पाचला आले, पुढं ८५ गेले. त्यात जादू काही नाही. व्यायामानंतर स्नायू घडण्याचं काम दिवस-दोन दिवस चालू असतं, त्याला तेवढा अवधी मिळाला. सांधे आणि स्नायूबंध तर स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात, म्हणून ताकद वाढत असतानाच कोपर आणि खांदा कुरकुरायला लागतो. तो कुरकुरला की वजन चढवणं थांबवायचं.

रात्रपाळीवाल्यांचा वेगळा पेच

आठवड्याला शिफ्ट बदलते त्याला "सोमवारी छाती" हा प्रकारच चालत नाही. वारांना व्यायाम बांधू नका, क्रमांकाला बांधा: एक, दोन, तीन. आज जमलं तर एक, परवा जमलं तर दोन. आठवड्यात तीनऐवजी दोनच झाले तर तिसरा पुढच्या आठवड्यात पहिला. वही तशीच पुढं सरकते, काही बुडत नाही.

रात्रपाळीहून सकाळी येऊन तसंच जिमला जाणारे खूप आहेत, कारण तेव्हा गर्दी नसते. मोह समजतो. पण जागरणानंतर जड स्क्वॉट आणि डेडलिफ्ट नको, लक्ष चुकतं आणि कंबर धरते. आधी झोपा, दुपारी उठून जेवा, पाळीवर जायच्या आधी करा. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी पडते, तेव्हा रात्रपाळीच्या आठवड्यात सेट एक-तृतीयांश कमी हे आधीच ठरवून टाका. खिडकीला जाड चादर, घरातल्यांना दम, मोबाइल दुसऱ्या खोलीत.

प्री-वर्कआउटचं, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या कॅफिनच्या पावडरीचं, एकदा बोलून घेऊ. एका चमच्यात २००-३०० मिलीग्रॅम कॅफिन सहज असतं. शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला पाच तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी सातला घेतलंत तर मध्यरात्री त्यातलं निम्मं अजून अंगात खेळत असतं. झोप नाही म्हणून थकवा, थकवा म्हणून दुसऱ्या दिवशी दीड चमचा. ज्यांचा बिघाड पुन्हा पुन्हा परततो त्यांच्यापैकी काहींचा तर फक्त हा डबा बंद केल्यावर सुटतो. दुपारी दोननंतर नको, त्यात कँटीनचा चहाही धरला पाहिजे.

तालीम आणि भरती

पहाटे तीनशे जोर, पाचशे बैठका, मातीत लढत, आणि संध्याकाळी जिममध्ये लेग डे. बैठका म्हणजे पायांचा व्यायामच आहे, हे सांगावं लागतं याचं नवल वाटतं. पण संध्याकाळी पाय "फ्रेश" नसल्याची तक्रार घेऊन हेच पठ्ठे येतात.

तालमीचा जुना शिरस्ता वाईट नव्हता, उलट शहाणा होता. तालमीत राहणारा मल्ल पहाटे मेहनत करायचा, मालीश व्हायची, खुराक घ्यायचा आणि दुपारी गाढ झोपायचा. संध्याकाळी पुन्हा मातीत उतरेपर्यंत अंगातला थकवा उतरलेला असायचा. मेहनत अंगी लागायची ती त्या झोपेत. आताची पोरं तालमीतली मेहनत तेवढी उचलतात, दुपारी कॉलेज नाहीतर दुकान. वस्तादांना हे उलगडून सांगितलं तर बहुतेक वस्ताद ऐकतात, त्यांनी ते बघितलेलं असतं. मात्र सांगायची पद्धत पाहिजे. "वस्ताद, कंटाळा आलाय" म्हणालात तर शंभर बैठका वाढून मिळतील. "वस्ताद, कुस्तीत दुसऱ्या मिनिटाला पाय थरथरतात" म्हणा.

कुस्ती मुख्य असेल तर जिम आठवड्यातून दोनदा, आणि पायांचे जड सेट सहा-सातच्या वर नकोत. लढतीच्या आदल्या दिवशी बारला हात लावायचा नाही. जत्रेतला फड जवळ आला की आठवडाभर आधी जिम पूर्ण बंद केली तरी ताकद कुठं जात नाही.

भरतीवाल्यांचं दुखणं वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं प्रत्येक गल्लीत दोन-चार जण भरतीच्या १.६ किलोमीटर धावेच्या मागं लागलेले. रोज पहाटे पूर्ण वेगानं धाव, रोज बीम (म्हणजे पुल-अप, दांड्याला लटकून अंग वर ओढणं), वर जिममध्ये स्क्वॉट. सहा दिवस दम लागेपर्यंत पळून वेळ सुधारत नाही, ती अडकते. आठवड्यात जोरात पळायचे दिवस दोनच ठेवा, बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या सावकाश. जोरात पळता त्याच दिवशी संध्याकाळी पायांचा वजनाचा व्यायाम करा, म्हणजे दुसरा दिवस खरोखर हलका राहतो. जड आणि हलकं असं रोज थोडं थोडं मिसळलं की सातही दिवस मध्यम जड होतात, आणि तिथंच सगळे अडकतात. बीमचे सेट पाठीच्या सेटमध्ये धरायला विसरू नका. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते असं झालं तर पळणं थांबवून अस्थितज्ज्ञाला दाखवा. ते हाडाला तडा जाण्याचं लक्षण असू शकतं, आणि मग भरतीच हुकते.

आपलं पंचांगच बिघाड आणतं

वही वर्षभराची असली तर आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. ताकद उतरण्याचे महिने ठरलेले असतात. आषाढात लावणी. श्रावणात अंडी-मटण बंद, उपवास, पण जिमचे सेट तेवढेच. मग गणपती: मंडळाची वर्गणी, मांडव, रात्री जागरण, आणि विसर्जन मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ज्याच्या रानात ऊस आहे त्याची पुढं तोड आणि कारखान्याच्या फेऱ्या. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ. या प्रत्येकाच्या मागोमाग एक "ओव्हरट्रेनिंग" येतं.

सण सोडा असं कोण म्हणेल, आणि म्हटलं तरी ऐकणार कोण. पाच-सहा आठवड्यांनी एक हलका आठवडा घ्यायचाच असतो, तो नेमका या दिवसांवर आणून ठेवा. कॅलेंडर भिंतीवर आहेच. गणपतीच्या आठवड्यात दोनदा अर्धा तास, नेहमीचं वजन, निम्मे सेट. लावणीच्या आठवड्यात डेडलिफ्ट नाही. ढोल गळ्यात घालून चार तास चालणार असाल तर तो खांद्याचाच दिवस.

श्रावणाचं गणित थोडं मांडूनच दाखवतो, कारण इथं लोक उगाच घाबरून महागडे डबे आणतात. वजन उचलणाऱ्याला रोज दर किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११० ग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दूध १६. पन्नास ग्रॅम शेंगदाणे १२. पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६. आमटी-उसळीच्या दोन घट्ट वाट्या १४. ज्वारीच्या तीन भाकरी १८. इथवर ८६ झाले. एरवी चार अंडी २४ भरतात आणि ११० गाठतात. श्रावणात त्या जागी दोन वाट्या दही आणि पाऊणशे ग्रॅम पनीर धरा, थोडं कमी-जास्त भरलं तरी बिघडत नाही. पण उपवासाच्या दिवशी साबुदाणा खाऊन जड सेट मारू नका, त्यात प्रथिनं नावालाच. आणि भात-भाकरी कमी करून "कटिंग", म्हणजे चरबी उतरवायचा प्रकार, करत असाल तर सेटही कमी करा. खाणं उतरवायचं आणि कष्ट वाढवायचे, या जोडगोळीनं जितके जण मोडलेत तितके जास्त सेटनं मोडले नसतील.

बायका-मुलींच्या बाबतीत याची एक खूण ठळक असते. पाळी लांबायला लागली किंवा बंद झाली तर व्यायामाच्या मानानं जेवण कमी पडतंय, अशी शंका घ्यायलाच हवी, आणि त्यात हाडंही कमजोर होतात. ट्रेनर पुरुष असला की हे विचारलं जात नाही आणि सांगितलंही जात नाही. त्याला सांगायची गरजही नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाला सांगा.

हे उपाय नकोत

दुखतंय म्हणून रोज डायक्लोफिनॅकची गोळी घेऊन जिमला जाणं. फाउंड्रीतून कोरडं येऊन वर ही गोळी, हे मूत्रपिंडाला दोन्हीकडून मारणं आहे. ताकद उतरली म्हणून कुणीतरी ओळखीतून आणून दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं, हे त्याहून वाईट. ज्यांनी ते आधी घेतलंय आणि सोडलंय, त्यांच्यात शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, तयार होणं बसलेलं असतं, आणि लक्षणं हुबेहूब वर सांगितल्यासारखीच दिसतात: ताकद जाते, झोप उडते, मन बसतं. असं असेल तर विश्रांतीच्या आठवड्यानं भागणार नाही. डॉक्टरांना खरं सांगा, ते पोलिसात देत नाहीत.

दोन-तीन आठवडे नीट सांभाळूनही फरक नसेल तर

आता जिमचा प्रश्न संपला, तपासणीचा सुरू झाला. रक्ताची पूर्ण तपासणी, थायरॉइड, साखर, बी १२, डी जीवनसत्त्व, एवढ्यापासून डॉक्टर सुरुवात करतील. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर डेंग्यू-चिकनगुनिया झाला होता का हेही बघतील. चिकनगुनियाची सांधेदुखी महिनोनमहिने रेंगाळते आणि पोरं ती व्यायामाची समजतात. छातीत धडधड, चक्कर, पळताना भोवळ, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही असेल तर तीन आठवडे थांबूच नका. मन इतकं बसलंय की जिमच काय, कशातच रस उरला नाही, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच दुखणं आहे.

सिव्हिलला जा नाहीतर घरच्या डॉक्टरांकडं, जाताना वहीतली मागच्या दोन महिन्यांची पानं, सकाळच्या नाडीचे आकडे, शिफ्टचा तक्ता आणि चालू असलेले डबे-गोळ्या सोबत न्या. "अंगात कणकण आहे" एवढंच बोललात तर सलाइन आणि बी-कॉम्प्लेक्स घेऊन परत याल.